पुढच्या वर्षी लवकर या... अर्थात कॉमडेक्सची गोष्ट

वर्षातून दोन-चार वेळा तरी आपल्या सगळ्यांच्या मेलबॉक्समध्ये एक ठरावीक मेल येऊन पडते. कुठल्या तरी तंत्रज्ञानाच्या नाहीतर डिजिटल मार्केटिंगच्या परिषदेची. या मेलचे दोन भाग असतात. पहिल्यात गेल्या वर्षीची क्षणचित्रं: इतके हजार लोक आले, इतके वक्ते बोलले, अमुक कंपनीने तमुक गोष्टीचं अनावरण केलं. दुसऱ्यात पुढच्या वर्षीचे बेत: आणखी मोठं सभागृह, आणखी मोठी नावं, आणि आत्ताच पैसे भरलेत तर तिकिटात घसघशीत सूट.

पहिला भाग भूतकाळ, दुसरा भविष्यकाळ. गंमत म्हणजे वर्तमानकाळ त्यात कुठेच नसतो.

'पुढच्या वर्षी लवकर या' असं आपण गणपतीला म्हणतो. पण बाप्पा येईल की नाही याची काळजी कोणाला नसते. तारीख पंचांगात छापलेली असते, स्पॉन्सर मिळो न मिळो. परिषदांचं तसं नाही. 'पुढच्या वर्षी नक्की भेटू' असं म्हणून गेलेली आणि परत कधीच न आलेली जगातली सगळ्यात प्रसिद्ध कॉम्प्युटर जत्रा म्हणजे कॉमडेक्स. आज तिशीच्या आतबाहेर असलेल्या आपल्यातल्या बऱ्याच जणांनी हे नावही ऐकलेलं नसतं. म्हणून आजचा वीकेंड तिच्यासाठी.

गोष्ट सुरू होते डिसेंबर १९७९ मध्ये, अमेरिकेत, लास वेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात. कॉमडेक्स हे 'कॉम्प्युटर डीलर्स एक्झिबिशन' या नावाचं लघुरूप. यातला डीलर्स हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

तेव्हा घरगुती कॉम्प्युटर नुकता जन्मला होता. ॲपल टू, टीआरएस-८० आणि कमोडोर पेट ही तीन यंत्रं १९७७ साली बाजारात आली. आयबीएमचा पीसी यायला १९८१ उजाडायचं होतं. कॉम्प्युटर विकणारी छोटी छोटी दुकानं गावोगावी उघडत होती. लॅमिंग्टन रोडवरचा किंवा तपकीर गल्लीतला एखादा दुकानदार डोळ्यासमोर आणा. रोज कोणीतरी नवीन कार्ड, नवीन प्रिंटर, नवीन सॉफ्टवेअर काढतोय. यातलं काय चालेल, काय पडून राहील, माल कोणाकडून किती टक्क्यांनी घ्यायचा, हे त्याला कळणार कुठून? आणि दुसऱ्या टोकाला गॅरेजमध्ये बसून वस्तू बनवणारी पोरं. त्यांना दुकानदार कुठे शोधायचे हे माहीत नाही. ना इंटरनेट, ना गूगल. दोघांनाही एकमेकांची गरज होती आणि दोघांची भेट होत नव्हती.

ही भेट घडवून आणण्यात पैसा आहे हे ज्याच्या लक्षात आलं तो माणूस इंजिनिअर नव्हता. शेल्डन ॲडेल्सन त्याचं नाव. बॉस्टनचा, १९३३ चा जन्म, बाप टॅक्सी चालवायचा, हा लहानपणी पेपर विकायचा. त्याने आणि त्याच्या भागीदारांनी कॉमडेक्स भरवली. पहिल्या वर्षी १६७ कंपन्यांनी स्टॉल लावले आणि बघायला आली चार हजारांच्या आत माणसं. आजच्या हिशेबात अगदीच किरकोळ. आपल्याकडे एखाद्या बऱ्या कॉलेजच्या फेस्टला याहून जास्त गर्दी होते. पण त्या चार हजारांतला जवळजवळ प्रत्येक जण काहीतरी विकायला नाहीतर विकत घ्यायला आलेला होता.

या धंद्याचं गणित सोपं आहे. सभागृह घाऊक भावात भाड्याने घ्यायचं आणि चौरस फुटाच्या किरकोळ भावात स्टॉलवाल्यांना विकायचं. जितकी गर्दी तितका चौरस फुटाचा भाव जास्त. म्हणून आयोजकाचा खरा माल जागा नसतो, गर्दी असते. आणि गर्दी जमवायची तर दर वर्षी 'यंदा काहीतरी भन्नाट आहे' असं सांगत राहावं लागतं. पुढच्या वर्षीचे बेत हा मेलचा दुसरा भाग इथून जन्माला येतो.

गर्दी जमलीही. ऐंशीच्या दशकात कॉमडेक्स फुगत गेली. नोव्हेंबरचा तो आठवडा आला की वेगासमध्ये हॉटेलची खोली मिळणं मुश्किल, टॅक्सीला ही मोठी रांग. कॉम्प्युटरवाले जुगार फारसा खेळत नाहीत ही तिथल्या हॉटेलवाल्यांची कायमची तक्रार, त्यामुळे त्या आठवड्यात खोल्यांचे भाव चढायचे. ॲडेल्सनने आणखी पुढचा विचार केला. दुसऱ्याचं सभागृह कशाला, म्हणून १९८९ मध्ये त्याच्या गटाने सँड्स हे जुनं हॉटेल घेतलं आणि लगोलग त्याच्या शेजारी स्वतःचं प्रदर्शन केंद्र बांधलं.

आता जरा मंचाकडे वळू. कारण आपल्यासारख्यांचा जीव तिथे अडकलेला असतो.

१९८२ च्या कॉमडेक्समध्ये व्हिजीकॉर्प नावाच्या कंपनीने 'व्हिजी ऑन' दाखवलं. पडद्यावर खिडक्या, हातात माऊस, आणि हे सगळं साध्या आयबीएम पीसीवर. व्हिजीकॉर्प म्हणजे व्हिजीकॅल्क हा पहिला गाजलेला स्प्रेडशीट विकणारी कंपनी, त्यामुळे लोकांनी ते गंभीरपणे घेतलं. बघणाऱ्यांत बिल गेट्सही होता. त्याला धडकी भरली. मायक्रोसॉफ्टमध्ये अशाच एका गोष्टीवर काम चालू होतं, पण ते दाखवण्याजोगं नव्हतं.

मग त्याने काय केलं? १० नोव्हेंबर १९८३ ला न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात विंडोज जाहीर करून टाकलं. त्याच महिन्याच्या शेवटी कॉमडेक्स. तिथे मायक्रोसॉफ्टने वेगास विंडोजमय करून सोडलं, हॉटेलच्या किल्ल्यांपासून उशांच्या अभ्र्यांपर्यंत जाहिरात. त्याच वर्षी गेट्सने कॉमडेक्समध्ये पहिलं बीजभाषण केलं. तेव्हा स्लाइड सरकवायला त्याचे वडील बसले होते. आज हे वाचताना गोड वाटतं.

गोड नाही ती पुढची गोष्ट. विंडोज १९८४ मध्ये येणार असं सांगितलं होतं. १९८४ आलं आणि गेलं. तारखा पुढे सरकत राहिल्या. विंडोजच्या टीमचा प्रमुख स्कॉट मॅकग्रेगर वस्तू बाजारात यायच्या आधीच कंपनी सोडून गेला. शेवटी २० नोव्हेंबर १९८५ ला विंडोज १.० आलं. म्हणजे घोषणेपासून दोन वर्षं आणि दहा दिवस. त्याच सुमारास कॉमडेक्समध्ये पत्रकारांनी गेट्सला गमतीने 'गोल्डन व्हेपरवेअर' नावाचा पुरस्कार दिला. व्हेपर म्हणजे वाफ. जे सॉफ्टवेअर नुसतं जाहीर होतं पण हातात येत नाही ते व्हेपरवेअर. आपल्या भाषेत सांगायचं तर बाजारात तुरी.

आता धंद्याच्या नजरेने बघाल तर ही चाल अफलातून होती. व्हिजी ऑन खरोखर बाजारात आलं, १९८३ च्या शेवटी. महाग होतं, हार्ड डिस्क लागायची आणि तेव्हा हार्ड डिस्क फार थोड्यांकडे असायची. त्यात लोकांना माहीत होतं की मायक्रोसॉफ्टचं काहीतरी येतंय, मग घाई कशाला? थांबू की. व्हिजी ऑन आपटलं. जे तयार होतं ते हरलं आणि जे तयार नव्हतं ते जिंकलं. मार्केटिंगच्या पुस्तकात हा धडा म्हणून शिकवतील. पण प्लाझा हॉटेलात दिलेल्या त्या शब्दाची किंमत कोणी भरली? मंचावरच्या माणसाने नाही. रेडमंडमध्ये तेव्हा कंपनी आलीही नव्हती, शेजारच्या बेलव्ह्यूमध्ये रात्री-अपरात्री मेमरीचे बाइट मोजत बसलेल्या पोरांनी.

हे वाचताना मला लांबचं काही वाटत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही एका परदेशी क्लायंटसाठी काम करत होतो. त्यांच्या मार्केटिंगच्या साहेबांनी एका मोठ्या डिजिटल मार्केटिंग परिषदेत मंचावरून एक फीचर जाहीर केलं, 'याच तिमाहीत'. आम्हाला पुण्यात ते कळलं लिंक्डइनवरून. बॅकलॉगमध्ये त्याचं एका ओळीचं तिकीट होतं, अंदाज दिलेला नाही, डिझाइन नाही. पुढचे अकरा आठवडे कसे गेले ते विचारू नका. टीममधल्या एकाच्या सख्ख्या बहिणीचं लग्न होतं, त्याने मंगल कार्यालयाच्या वरच्या खोलीत बसून बिल्ड लावला. खाली मंगलाष्टकं चालू होती. फीचर वेळेत गेलं. पुढच्या वर्षीच्या परिषदेच्या मेलमध्ये क्षणचित्रांत त्याचं नावही आलं. ते वापरणारे किती, हे आम्हाला लॉगमध्ये दिसायचं. दिवसाला पाच-सहा जण.

असो. तर सांगायचा मुद्दा असा की मंचावरचा शब्द ही एक प्रकारची उधारी असते, आणि सही करणारा आणि हप्ते भरणारा ही दोन वेगळी माणसं असतात.

परत कॉमडेक्सकडे. १९९५ साली ॲडेल्सन आणि भागीदारांनी हा सगळा पसारा विकून टाकला. ८० कोटी डॉलरहून जास्त किमतीला. विकत कोणी घेतला? जपानच्या सॉफ्टबँकेने, म्हणजे मासायोशी सोनने. हो, तीच सॉफ्टबँक, जिने पुढे आपल्याकडे ओला आणि ओयोमध्ये पैसा ओतला. ॲडेल्सनने त्या पैशातून काय केलं ते बघा. १९९६ मध्ये सँड्स पाडलं आणि १९९९ मध्ये त्या जागी व्हेनेशियन हे अवाढव्य हॉटेल उभं केलं. पुढे मकाव, सिंगापूर. २०२१ मध्ये गेला तेव्हा जगातल्या बड्या धनिकांत त्याची गणना होती. कॉम्प्युटरच्या जत्रेतून मिळालेला पैसा कॉम्प्युटरमध्ये न घालणारा हा गृहस्थ त्या काळातला सगळ्यात दूरदृष्टीचा कॉम्प्युटरवाला म्हणायला हवा.

नव्वदीच्या उत्तरार्धात कॉमडेक्सची गर्दी दोन लाखांपर्यंत पोचली. या काळातलं माझं आवडतं क्षणचित्र वेगासचं नाही, शिकागोचं. कॉमडेक्सची एक वसंतातली आवृत्तीही व्हायची. २० एप्रिल १९९८, मंचावर गेट्स आणि त्याचा सहकारी ख्रिस कॅपोसेला. विंडोज ९८ चं प्रात्यक्षिक. कॅपोसेलाने स्कॅनरची वायर जोडली, आता विंडोज तो आपोआप ओळखणार... आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर निळा स्क्रीन. सगळं सभागृह हसतंय, टाळ्या वाजवतंय. गेट्सने सावरून घेतलं, म्हणूनच आम्ही हे अजून बाजारात आणलेलं नाही अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला. व्हिडिओ अजून जालावर आहे, जरूर बघा. जगाने मायक्रोसॉफ्टची टिंगल केली. मला मात्र वाटतं, त्या वर्षीच्या सगळ्या जत्रेत तेवढी एकच मिनिटभराची गोष्ट शंभर टक्के खरी होती. आपण सगळ्यांनी डेमोच्या आधी लॅपटॉपला मनातल्या मनात हात जोडलेले असतात. त्याचं कारण तो निळा पडदा.

मग एवढी भरलेली जत्रा पाच वर्षांत उठली कशी?

नेहमी सांगितली जाणारी कारणं दोन. २००० नंतर डॉटकॉमचा फुगा फुटला आणि ११ सप्टेंबर २००१ नंतर लोक विमानात बसायला घाबरू लागले. दोन्ही खरी आहेत. पण त्याच शहरात जानेवारीत भरणारी सीईएस ही ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक्सची जत्रा याच दोन संकटांतून निभावली आणि वाढली. म्हणजे रोग आणखी आत होता.

आता तो 'डीलर्स' शब्द काढा. डेलसारख्या कंपन्या थेट गिऱ्हाइकाला पीसी विकू लागल्या, पीसी ही कुठेही मिळणारी वस्तू झाली. ज्या छोट्या दुकानदारासाठी जत्रा सुरू झाली होती तो मधल्या मध्ये गायब झाला. कॉमडेक्सने त्याच्या जागी सगळ्यांनाच बोलावलं: पत्रकार, विद्यार्थी, हौशे, नवशे, गवशे. गर्दी वाढली, पण गर्दीत आपलं गिऱ्हाईक कोणतं हे स्टॉलवाल्याला कळेना.

आणि नेमक्या याच वेळी हे कळण्याचा दुसरा मार्ग निघाला. ऑक्टोबर २००० मध्ये गूगलने ॲडवर्ड्स सुरू केलं. फेब्रुवारी २००२ पासून त्यात क्लिकमागे पैसे मोजायची पद्धत आली. बघा, स्टॉल लावायचा म्हणजे जागेचं भाडं, मांडणी, माणसांचा प्रवास, हॉटेल, आणि आठवड्याच्या शेवटी हातात व्हिजिटिंग कार्डांनी भरलेला एक काचेचा वाडगा. त्यातल्या किती जणांना खरंच वस्तू हवी आहे? देव जाणे. इकडे 'लेझर प्रिंटर' असं टाइप करणारा माणूस स्वतःहून सांगतोय की मला प्रिंटर हवाय, आणि त्याने क्लिक केलं तरच पैसे द्यायचे. मार्केटिंगच्या माणसाला पहिल्यांदाच वाया गेलेला पैसा रुपया-पैशात दिसू लागला. आज ज्याला आपण डिजिटल मार्केटिंग म्हणतो त्याने कॉम्प्युटरच्या जत्रेचा गळा असा हळूच आवळला.

मंचावर भविष्य मात्र जोरात चालू होतं. २००१ च्या कॉमडेक्समध्ये गेट्सने टॅब्लेट पीसी उचलून दाखवला आणि सांगितलं की पाच वर्षांत अमेरिकेत हाच सगळ्यात जास्त खपणारा पीसी असेल. २००६ आलं, तसं काही झालं नाही. टॅब्लेट आला तो २०१० मध्ये, आयपॅड म्हणून, दुसऱ्याच कंपनीकडून, आणि कुठल्या जत्रेत नाही तर ॲपलच्या स्वतःच्या कार्यक्रमात. दिशा बरोबर होती. वर्ष चुकलं, कंपनी चुकली आणि जागाही चुकली.

दरम्यान जत्रेचे मालक बदलले होते. सॉफ्टबँकेच्या हातून ती की-थ्री-मीडिया या वेगळ्या कंपनीकडे गेली. ती कंपनी फेब्रुवारी २००३ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात. त्याच वर्षी मीडियालाइव्ह इंटरनॅशनल असं नवं नाव घेऊन बाहेर आली. नोव्हेंबर २००३ ची कॉमडेक्स झाली, चाळीस-पन्नास हजार लोक आले. जून २००४ मध्ये मीडियालाइव्हने जाहीर केलं की यंदाची कॉमडेक्स पुढे ढकलली आहे. बड्या कंपन्यांचं सल्लागार मंडळ नेमू, नव्या रूपात २००५ मध्ये भेटू.

२००५ मध्ये कोणी भेटलं नाही. लास वेगासची ती जत्रा पुन्हा भरलीच नाही. २०१० मध्ये 'कॉमडेक्सव्हर्च्युअल' या नावाने नेटवर एक प्रदर्शन झालं खरं, पण ती जुन्या वाड्याची पाटी नव्या फ्लॅटच्या दाराला लावण्यातली गोष्ट. पंचवीस वर्षं दुसऱ्यांची व्हेपरवेअर दाखवणारी जत्रा शेवटी स्वतःच व्हेपरवेअर झाली.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती. पुढचा भाग जास्त मजेशीर आहे.

जूनमध्ये कॉमडेक्स ढकलणाऱ्या त्याच मीडियालाइव्हने चारच महिन्यांनी, ५ ते ७ ऑक्टोबर २००४, सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटेल निकोमध्ये दुसरी एक परिषद भरवली. सोबत होते टिम ओ'रायली, ज्यांची मुखपृष्ठावर प्राणी असलेली पुस्तकं आपल्यापैकी अनेकांनी इंजिनिअरिंगला असताना झेरॉक्स करून वाचली आहेत. परिषदेचं नाव 'वेब २.०'. हे नाव ओ'रायलींच्या कंपनीतले डेल डोहर्टी आणि मीडियालाइव्हची मंडळी एकत्र बसून काय परिषद भरवावी याचा विचार करत असताना निघालं. शब्द तसा आधीही होता, डार्सी डिनुची यांनी १९९९ मध्ये तो एका लेखात वापरला होता. पण जगभर गेला तो या परिषदेमुळे. म्हणजे ज्या शब्दावर आपल्या आधीच्या पिढीने आख्ख्या कंपन्या काढल्या तो मुळात एका कार्यक्रमाचं शीर्षक होता!

आता तुम्ही म्हणाल, हे तर आणखी मोठं व्हेपरवेअर. आधी नाव, मग वस्तू. मलाही आधी तसंच वाटायचं. पण सप्टेंबर २००५ मध्ये ओ'रायलींनी या शब्दाचा अर्थ सांगणारा एक लांबलचक लेख लिहिला, आणि त्यात त्या सुरुवातीच्या बैठकीतला एक तक्ता दिला आहे. डावीकडे जुनं वेब, उजवीकडे नवं. डबलक्लिक आणि समोर गूगल ॲडसेन्स. ऑफोटो आणि समोर फ्लिकर. ब्रिटानिका ऑनलाइन आणि समोर विकिपीडिया. वैयक्तिक साइट आणि समोर ब्लॉग. पानं किती उघडली याचा हिशेब आणि समोर क्लिकमागे किंमत.

त्या तक्त्याची उजवी बाजू पुन्हा वाचा. विकिपीडिया २००१ पासून चालू होता. ॲडसेन्स २००३ पासून. फ्लिकर २००४ च्या फेब्रुवारीत आलं. मंचावर जेफ बेझोस होते, त्यांचं दुकान दहा वर्षांचं झालं होतं. गूगल जेमतेम दीड महिन्यापूर्वी, ऑगस्ट २००४ मध्ये, शेअर बाजारात उतरलं होतं. म्हणजे त्या यादीतली बहुतेक गोष्ट त्या रात्री घरी जाऊन ब्राउझरमध्ये उघडून बघता येत होती. वेब २.० ने येणाऱ्या गोष्टीचं वचन दिलं नाही, आलेल्या गोष्टींना नाव दिलं. कॉमडेक्सचा मंच 'काय येणार' सांगत होता, निकोमधला मंच 'काय आलंय आणि ते का चालतंय' हे सांगत होता. एकाच आयोजकाचे चार महिन्यांच्या अंतरातले दोन निर्णय, आणि फरक एवढाच.

अर्थात नव्याची नवलाई किती दिवस! एकदा शब्द चालतोय म्हटल्यावर त्याचाही चौरस फुटाचा भाव निघाला. दोन-तीन वर्षांत प्रत्येक साइटला गोल कोपरे आले आणि नावाखाली 'बीटा' आलं. २००६ च्या मे महिन्यात तर कहर झाला. मीडियालाइव्हची कामं तोपर्यंत सीएमपी या कंपनीकडे गेली होती. आयर्लंडमध्ये आयटी ॲट कॉर्क नावाची एक ना-नफा संस्था वेब २.० वर अर्ध्या दिवसाची छोटी परिषद भरवणार होती. त्यांना सीएमपीच्या वकिलांची नोटीस गेली: परिषदेच्या नावात हा शब्द वापरू नका, आमच्या हक्काचा अर्ज दाखल आहे. लोकांनी एकत्र येऊन वेब घडवावं असं सांगणाऱ्या शब्दावर कुंपण! ब्लॉगवाल्यांनी एवढा दंगा केला की ओ'रायलींना मध्ये पडून त्या संस्थेला नाव वापरू द्यावं लागलं.

पुढे २०११ ची वेब २.० समिट शेवटची ठरली. आणि मार्च २०२० मध्ये, करोनाची पहिली लाट सुरू होत असताना, ओ'रायलींच्या कंपनीने समोरासमोरच्या परिषदांचा आपला विभागच कायमचा बंद केला. त्या वेळी सगळे 'पुढे ढकलत आहोत' असं म्हणत होते. यांनी सरळ 'बंद' म्हटलं. मला त्यातला प्रामाणिकपणा आवडला, जरी त्यात कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या असल्या तरी.

जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या सेबिटचंही असंच. २००१ मध्ये आठ लाखांहून जास्त लोक बघायला आले होते. गर्दी ओसरत गेली तसं २०१८ मध्ये मार्चऐवजी जून केला, उत्सवाचं रूप दिलं, आवारात चक्क आकाशपाळणा उभा केला. आले एक लाख वीस हजारांच्या आसपास. नोव्हेंबर २०१८ मध्ये सांगून टाकलं, पुढच्या वर्षी नाही. जत्रेत पाळणा आणला की जत्रा जगते हे आपल्या गावाकडे खरं असेल, पण तिथे देवही असतो हे ते विसरले.

या सगळ्या इतिहासातून मला एक साधी गोष्ट दिसते. १९७९ च्या कॉमडेक्सला चार हजारांहून कमी लोक आले आणि ती जिवंत होती. २००३ च्या कॉमडेक्सला त्याच्या दहापट आले आणि ती मेलेली होती. म्हणजे क्षणचित्रांत सगळ्यात वर जो गर्दीचा आकडा छापतात तो काहीच सांगत नाही. पहिल्या वर्षी दुकानदाराला बनवणारा हवा होता आणि बनवणाऱ्याला दुकानदार. शेवटच्या वर्षी कोणाला कोण हवं होतं हे कोणालाच सांगता आलं नसतं.

त्यामुळे हल्ली अशी मेल आली की मी ती डिलीट करायच्या आधी दोन गोष्टी बघतो. क्षणचित्रांच्या यादीतली किती नावं मला आज रात्री स्वतः चालवून बघता येतील? गेल्या वर्षीच्या मंचावर जाहीर झालेलं आज कुठे आहे? सध्या सगळीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचे एजंट मंचावर येऊन आपली कामं करून दाखवताहेत, त्यांनाही हीच फुटपट्टी लावून बघा. काही टिकतील, अगदी छान टिकतील. काहींच्या वाट्याला कॅपोसेलाचा स्कॅनर येईल.

आणि तुमच्यापैकी जे मार्केटिंगमध्ये आहेत, ज्यांना उद्या अशा मंचावर उभं राहायचंय, त्यांच्यासाठी मित्र म्हणून एवढंच. तारीख जाहीर करायला हरकत नाही, धंद्यात ते लागतं, गेट्सच्या उदाहरणावरून कळतंच. फक्त विमानात बसायच्या आधी ज्याला ती पाळायची आहे त्याला एक फोन करा. त्याच्या घरात कोणाचं लग्न वगैरे आहे का, तेवढं विचारून घ्या.